राज्याआधींचा संघ

सिंदफणेच्या खोऱ्यांतील माजलगांवच्या पटांगणावर आज एखादा मुलगा बॅट घेऊन उभा राहिला, तर महाराष्ट्राच्या संघांत खेळण्याची उमेद तो खुशाल बाळगूं शकतो. १९४० सालीं त्याच्या पणजोबाला तशी उमेद बाळगण्याचें कारण नव्हतें. त्या वेळीं बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता, आणि महाराष्ट्र नांवाचें राज्य तर कोठेंच नव्हतें. तें १ मे १९६० रोजीं अस्तित्वांत आलें. परंतु त्याच नांवाचा क्रिकेटचा संघ त्यापूर्वीं वीस वर्षें हिंदुस्थानांत अजिंक्य ठरून चुकला होता. हें कसें घडलें, तें समजून घेण्यासारखें आहे.

नवानगरचे रणजितसिंहजी १९३३ सालीं निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाची स्पर्धा सुरू झाली. तींतील संघ राजकीय प्रांतांचे नव्हते, क्रिकेट संघटनांचे होते. महाराष्ट्राचा संघ म्हणजे मुख्यतः पुणें आणि त्याच्या आसपासचा मुलूख. मुंबईचा संघ निराळा, बडोद्याचा निराळा. एक सामना हरला कीं त्या वर्षापुरता संघ स्पर्धेंतून बाद. त्यांतही पश्चिम विभाग सर्वांत कठीण. पहिल्या सात वर्षांपैकीं पांच वर्षें अजिंक्यपद याच विभागांत राहिलें. पहिलीं दोन वर्षें मुंबईनें गाजविलीं, तिसरें नवानगरनें. १९३७-३८ सालीं हैदराबादनें नवानगरचा केवळ एक गडी राखून पराभव केला. माजलगांवकरांना त्या काळीं राज्याचा म्हणून अभिमान वाटावयाचाच, तर तो या विजयाचा वाटावयास हवा होता!

महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दिनकर बळवंत देवधर. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृत शिकवीत. १९२६ सालीं गिलिगनच्या इंग्लिश संघाविरुद्ध मुंबईंत त्यांनीं १४८ धांवा काढल्या होत्या. पण हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ सालीं, आणि तोंवर देवधरांनीं चाळिशी गांठली होती. कसोटीचें दार त्यांच्यासाठीं उघडलें नाहीं. इतर खेळाडू ज्या वयांत प्रेक्षकांच्या बांकावर जाऊन बसतात, त्या वयांत त्यांनीं आपला प्रांत उभा केला.

१९३९-४० सालीं बडोद्याविरुद्ध पुण्यांत झालेल्या सामन्यांत सांगलीच्या विजय हजाऱ्यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. नवव्या गड्यासाठीं त्यांनीं नगरवाला यांच्याबरोबर २४५ धांवांची भर घातली. शेपटाकडील गडी टिकून राहिला म्हणूनच हा डोंगर रचला गेला, हें विसरतां येत नाहीं. अंतिम सामन्यांत संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव झाला आणि चषक पुण्यास आला. पुढील वर्षीं मुंबईविरुद्ध अठ्ठेचाळीस वर्षांच्या देवधरांनीं स्वतः २४६ धांवा काढल्या. अंतिम सामना मद्रासला झाला. यजमानांना सहा गडी राखून हरवून महाराष्ट्रानें अजिंक्यपद राखलें.

हें वैभव टिकलें नाहीं. हजारे पुढें बडोद्याकडून खेळूं लागले, आणि देवधरांचें वय तर कोणासाठीं थांबणार नव्हतें. धांवांचा पाऊस मात्र आटला नाहीं. डिसेंबर १९४८ मध्यें काठेवाडविरुद्ध पुण्यांत भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोहोंचले. ब्रॅडमनच्या ४५२ धांवांच्या विक्रमाची बरोबरी करण्यास अवघ्या नऊ धांवा हव्या असतांना प्रतिपक्षानें पुढें खेळण्याचें नाकारून सामनाच सोडून दिला. हिंदी खेळाडूची ती सर्वोच्च धांवसंख्या आजही अबाधित आहे. तरी निंबाळकरांच्या वांट्यास एकही अधिकृत कसोटी सामना आला नाहीं.

त्याच मोसमांत मार्च १९४९ मध्यें मुंबईशीं उपांत्य सामना झाला. सात दिवसांत दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धांवा झाल्या. महाराष्ट्रानें दोन डावांत ४०७ आणि ६०४, म्हणजे एकूण १०११ धांवा केल्या, आणि तरीही तो ३५४ धांवांनीं हरला! पुष्कळ धांवा करणें आणि सामना जिंकणें या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण. पुढें १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या वर्षीं संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. तीनही वेळां चषक दुसऱ्याच्या हातीं गेला.

देवधर १९९३ सालीं, वयाच्या एकशेदुसऱ्या वर्षीं निवर्तले. तोंवर महाराष्ट्र हें राज्य झालें होतें आणि बीड जिल्हा त्यांत आला होता. त्याच बीडचा सचिन धस फेब्रुवारी २०२४ मध्यें एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धांवा करून गेला. पणजोबाच्या काळीं संघ होता, राज्य नव्हतें. आज राज्य आहे, आणि संघाचें दारही माजलगांवच्या मुलाला मोकळें आहे. त्या दारांतून आंत जाणाऱ्यानें ४४३ हा आंकडा जरूर पाठ करावा. पण चषक दोनदां आणला तो त्या संस्कृतच्या प्राध्यापकानें बांधलेल्या संघानें, हेंही विसरूं नये.