दहा दिवसांत विमानवाहू

'आयएनएस विराट' मुंबईच्या नौदल गोदीत उभी असताना पाहिलेले पुष्कळ लोक सापडतील. मार्च 2017 मध्ये ती मुंबईतच निवृत्त झाली आणि पुढे अलंगला भंगारात निघाली. 1987 मध्ये आपल्याकडे येण्याआधी ती ब्रिटनची 'एचएमएस हर्मिस' होती आणि 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचं नेतृत्व तिच्याकडे होतं. त्या वर्षी 25 मे रोजी अर्जेंटिनाची दोन विमानं विमानवाहू नौकेच्या शिकारीला निघाली. 'हर्मिस' मिळो नाहीतर तिच्या जोडीची 'इन्व्हिन्सिबल'. बुडालं मात्र एक मालवाहू जहाज, 'अटलांटिक कन्व्हेयर'.

क्युनार्ड कंपनीचं हे जहाज उत्तर अटलांटिकमध्ये कंटेनर आणि मोटारगाड्यांची ने-आण करण्यासाठी बांधलेलं. मांडव्याला जाताना गाडीसकट ज्या रो-रो बोटीत आपण चढतो त्याच जातीचं, पण लांबीला दोनशे मीटरहून जास्त. 1982 च्या सुरुवातीला त्याला काम नव्हतं, लिव्हरपूलच्या गोदीत ते नुसतं उभं होतं. 2 एप्रिलला अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली. ब्रिटनपासून ती तेरा हजार किलोमीटरवर. विमानवाहू नौका दोनच, त्यांच्यावर जागा मोजकी. जादा हॅरिअर विमानं आणि हेलिकॉप्टरं न्यायची कशावर? सरकारने खासगी जहाजं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, त्यात हेही आलं.

प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्ट गोदीत दहाएक दिवस रात्रंदिवस काम चाललं. डेकच्या दोन्ही कडांना कंटेनर एकावर एक रचून भिंती उभ्या केल्या. वारा आणि खारे तुषार अडवायला याहून स्वस्त उपाय नाही. मधल्या मोकळ्या जागेत विमानं. हॅरिअर जागच्या जागी उभं उतरतं, त्यामुळे धावपट्टीची गरज नव्हती. डेकवर सपाट चौथरा केला की झालं. दक्षिण अटलांटिकच्या खाऱ्या हवेत विमानं गंजू नयेत म्हणून त्यांना जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलं होतं. वाटेतल्या असेन्शन बेटावर नौदलाची आठ सी हॅरिअर आणि हवाई दलाची सहा हॅरिअर चढली. चिनूक आणि वेसेक्स हेलिकॉप्टरंही होतीच. खालच्या मजल्यांवर इंधन, क्लस्टर बॉम्ब, तात्पुरत्या धावपट्टीचं सामान आणि साडेचार हजार माणसांपुरते तंबू.

कप्तान इयन नॉर्थ हा पांढऱ्या दाढीचा व्यापारी दर्यावर्दी. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या पायाखालची जहाजं दोनदा बुडाली होती. नौदलाचे अधिकारी वेगळे, मायकेल लेयार्ड त्यांचे प्रमुख. म्हणजे जहाज एकाचं, युद्ध दुसऱ्याचं. तरी दोघांचं छान जमलं, असं म्हणतात.

मे महिन्याच्या मध्यावर हॅरिअर विमानवाहू नौकांवर उडून गेली, त्यातली बरीच 'हर्मिस'वर. इथवर सगळं झकास. हेलिकॉप्टरं आणि बाकीचं सामान मात्र जहाजावरच राहिलं. 25 तारखेच्या रात्री जहाज फॉकलंडमधल्या सान कार्लोसच्या खाडीत शिरून ते उतरवणार होतं.

त्याच दिवशी अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिन. विमानातून सोडायची एक्झोसेट क्षेपणास्त्रं त्यांच्याकडे पाचच होती. दोन 'शेफिल्ड' या ब्रिटिश युद्धनौकेवर खर्च झालेली, उरली तीन. त्यातली दोन घेऊन कुरिलोविच आणि बाराझा हे वैमानिक सुपर एतांदार विमानांतून निघाले. वाटेत हवेतच इंधन घेतलं, उत्तरेकडून वळसा घातला आणि रडारवर मोठा ठिपका दिसताच मारा केला. एक्झोसेट पाण्याच्या जेमतेम वरून येतं आणि अखेरच्या टप्प्यात स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधतं. युद्धनौकांनी लगेच चॅफ उडवलं. चॅफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग; क्षेपणास्त्राला तोच जहाज वाटतो. फसलेलं क्षेपणास्त्र ढगातून आरपार जातं आणि पुढे दुसरं काही मिळतं का ते बघतं. पुढे होतं 'अटलांटिक कन्व्हेयर'. त्याच्यापाशी चॅफ नव्हतं, क्षेपणास्त्रविरोधी काही नव्हतं.

माझ्या मते खरी चूक इथे आहे. दहा दिवसांत या जहाजाला युद्धाची सगळी कामं शिकवली, फक्त जीव वाचवायचं तेवढं राहिलं. शिवाय इतकी हेलिकॉप्टरं एकाच जहाजात ठेवणं म्हणजे अख्खं बिऱ्हाड एका बैलगाडीत रचून ओढा ओलांडणं.

क्षेपणास्त्राचा मारा बसल्यावर आग गाडीतळासारख्या त्या लांबलचक, आडभिंती नसलेल्या मजल्यांतून पसरली. मालवाहूच्या सोयीची हीच मोकळीक आगीच्याही सोयीची. जहाज सोडायचा हुकूम झाला. 'अलॅक्रिटी' ही फ्रिगेट जवळ येऊन माणसं उचलत राहिली, पण बारा जण गेले. कप्तान नॉर्थ अगदी अखेरीस उतरणाऱ्यांत होता. गार पाण्यातून तो परतला नाही. त्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. जळकं धूड ओढून न्यायचा प्रयत्न झाला आणि 28 मेला ते बुडालं.

सोबत सहा वेसेक्स आणि तीन चिनूक गेली. चौथं चिनूक, 'ब्राव्हो नोव्हेंबर', त्या वेळी हवेत होतं म्हणून वाचलं. सुटे भाग, हत्यारं, माहितीपुस्तिका सगळं जळालेलं. तरी युद्ध संपेपर्यंत त्याने काम ओढलं. एका फेरीत तर त्याने 81 सैनिक नेले.

बाकीच्या सैनिकांनी पाठीवर ओझं घेऊन पूर्व फॉकलंडची दलदल पायी तुडवली. वेल्श गार्ड्स या पलटणीला तेही जमलं नाही, म्हणून त्यांना समुद्रमार्गे पुढे नेलं. हेलिकॉप्टरांचा तुटवडा हे त्याचं एक मोठं कारण. 8 जूनला ते 'सर गॅलाहॅड' जहाजावर उतरायची वाट पाहत असताना अर्जेंटिनाच्या विमानांनी बॉम्ब टाकले आणि 48 जण मेले. सहाच दिवसांनी अर्जेंटिनाने पोर्ट स्टॅन्लीत शरणागती पत्करली.