कर्करोगाशीं झुंज आणि घरांतील मौन

देवी, क्षय, विषमज्वर या रोगांचीं नांवें आपण आतां मोकळेपणानें उच्चारतों. कर्करोगाचें नांव मात्र अजूनही पुष्कळ घरांत आवाज खालीं आणूनच घेतलें जातें. आणि रोगी जर स्त्री असेल, तर कित्येकदां ती आपलें दुखणें घरांत कोणास कळूंही देत नाहीं. ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु ती ज्या काळीं मनांत रुजली तो काळ कसा होता आणि आजची स्थिति काय आहे, हें वाचकांनीं शांतपणें पाहावें, एवढ्याचसाठीं हा प्रपंच.

रोग नवा नव्हे. हळूहळू वाढणाऱ्या व न पिकणाऱ्या गांठीचें वर्णन सुश्रुतसंहितेंत 'अर्बुद' या नांवाखालीं आलें आहे. ग्रीक वैद्यांनीं या रोगास खेकड्याचें नांव दिलें. आपला 'कर्करोग' हा शब्दही त्याच अर्थाचा. रोगाची ओळख अशी जुनी असली, तरी त्यावर उपाय म्हणण्याजोगें शस्त्रावांचून फारसें कांहीं नव्हतें, आणि तें शस्त्रही भयंकर होतें. फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्तीच्या स्तनावर सन 1811 मध्यें पॅरिस येथें शस्त्रक्रिया झाली, ती शुद्धीवर असतांनाच. त्या यातनांची हकीकत तिनें पुढें आपल्या बहिणीस पत्रानें कळविली. बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ जगली. पण असें दैव सर्वांचें नसे.

सन 1846 मध्यें ईथरनें भूल देण्याचा प्रयोग जाहीरपणें झाला व 1867 मध्यें लिस्टर यांनीं जखमेंतील जंतूंचा नाश करण्याची रीत प्रसिद्ध केली. शस्त्रवैद्यांचा हात त्यामुळें मोकळा झाला. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील हॉलस्टेड यांनीं स्तनाबरोबर छातीचे स्नायु व काखेंतील ग्रंथीही काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. जितकें अधिक कापावें तितका रोग मुळासकट जातो, असा समज पुढें कित्येक दशकें टिकला. अखेर 1970 नंतरच्या काळांत बर्नार्ड फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोगी स्त्रियांचे गट पाडून या दोन्ही रीतींची तुलना केली. तेव्हां असें दिसून आलें कीं, प्राथमिक अवस्थेंत केवळ गांठ काढून किरणांची जोड दिली, तरी स्त्रिया तितक्याच जगतात. रोग शरीरांत आधींच पसरला असेल तर मोठा छेद व्यर्थ, आणि पसरला नसेल तर लहान छेदही पुरेसा. अर्थात् छेद किती मोठा यापेक्षां रोग केव्हां हातीं लागला, यालाच महत्त्व अधिक.

दरम्यान दुसरीं साधनेंही हातीं आलीं होतीं. 1895 मध्यें राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले व 1898 मध्यें क्यूरी दांपत्यानें रेडियम शोधून काढलें. 1948 मध्यें बोस्टन येथील सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें मरणाच्या दारीं असलेल्या मुलांना औषधानें कांहीं काळ तरी उतार पडतो, असें दाखवून दिलें. तें औषध ज्या प्रयोगशाळेंत तयार झालें, तेथील संशोधनाचे सूत्रधार आपल्या आंध्र प्रांतांतून अमेरिकेस गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. तो उतार तेव्हां कांहीं महिनेच टिके. आज प्रगत देशांत त्या रोगाच्या बहुतेक प्रकारांतून दहांपैकीं आठांहून अधिक मुलें बरीं होतात.

तथापि उपचाराइतकेंच महत्त्व कारणाच्या शोधाला आहे. लंडन येथील पर्सिव्हल पॉट यांनीं 1775 मध्येंच धुराडीं साफ करणाऱ्या मुलांना पुढें होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशीं जोडला होता. आपल्याकडे मेहेरबाई टाटा 1931 मध्यें रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यानंतर दहा वर्षांनीं, 1941 च्या फेब्रुवारींत, मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथें काम करणारे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं तोंडाचा कर्करोग व तंबाखू चघळण्याची संवय यांच्या संबंधाकडे लक्ष वेधलें. विडी-सिगारेटीचा तिटकारा करणाऱ्या सोवळ्या घरांतही मशेरीची डबी वा पानांतील तंबाखू निमूटपणें चालते, हें येथें सांगणें आम्ही कर्तव्य समजतों.

मुंबईचाच दुसरा दाखला अधिक बोलका आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं 1998 पासून झोपडवस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांमध्यें एक प्रयोग चालविला. निम्म्या स्त्रियांच्या गर्भाशयाचें मुख पातळ व्हिनेगर लावून तपासण्याची योजना होती. दूषित भाग त्यानें पांढरा दिसूं लागतो. तपासणाऱ्या कोणी मोठ्या डॉक्टरीणबाई नव्हत्या. थोड्या आठवड्यांचें शिक्षण दिलेल्या सेविका होत्या. 2014 मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, या तपासणीमुळें त्या कर्करोगानें होणारे मृत्यु 31 टक्क्यांनीं घटले. हा रोग बहुतांशीं एका विषाणूमुळें होतो, हें दाखविणारे हॅराल्ड झुर हाउझेन यांस 2008 चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या विषाणूवरील लस आतां पुण्यांतही तयार होते. नऊ ते चौदा हें वय तीस उत्तम.

सर्वच कर्करोग वठणीवर आले आहेत असें मात्र नाहीं. स्वादुपिंडाच्या कर्करोगापुढें आजही वैद्य बहुधा हतबल होतात. परंतु स्तन, गर्भाशयमुख व तोंड या तिन्ही ठिकाणचा रोग आरंभींच कळला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते. दुर्दैव असें कीं, याच ठिकाणीं संकोच आडवा येतो. सून सासूस सांगत नाहीं, सासू मुलास सांगत नाहीं; मुलीचें लग्न उरकूं द्या, सण होऊं द्या, म्हणत महिने लोटतात. गांठ दुखत नाहीं म्हणून ती निरुपद्रवी, ही समजूत तर सर्वांत घातक. कारण आरंभीं ती बहुधा दुखतच नाहीं.

म्हणून आमची विनंति घरांतील वडील स्त्रियांना आहे. स्तनांत नवी गांठ लागणें, विटाळ कायमचा गेल्यावर पुनः रक्त दिसणें, तोंडांतील व्रण वा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत न जाणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास डॉक्टरांस दाखवावें. बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात, असेंच त्यांच्याकडून कळण्याचा संभव अधिक. आपण ही गोष्ट प्रथम उघडपणें बोललांत, तर लेकीसुनांना आपलें दुखणें सांगण्याचा धीर येईल, आणि पुरुषांनींही तो वायफळ खर्च न मानतां गाडी बोलवावी.