कॅम्पर व्हॅनचा डॅशकॅम रात्रीतच बंद का पडतो? नवा कॅमेरा घेण्याआधी हे तपासा

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे हायवे धुळ्यात एकमेकांना भेटतात. त्यामुळे खान्देशात गाडी चालवताना आजूबाजूला कंटेनर, ट्रॅव्हल्स आणि उसाच्या ट्रॉल्या असतातच. धडक झाली की चूक कुणाची, यावरून रस्त्यातच तासभर वाद. म्हणून आता बऱ्याच गाड्यांच्या काचेला डॅशकॅम दिसतो.

त्यात कॅम्पर व्हॅनवाल्यांची भर पडली आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगरमध्ये बेड, फ्रिज, पंखा बसवून पाल, पाटणादेवी किंवा तोरणमाळला मुक्कामी जाणारे लोक आता नवीन राहिलेले नाहीत. गाडी रात्रभर उभी राहणार, म्हणून डॅशकॅम सिगारेट सॉकेटवर न लावता थेट फ्यूज बॉक्समधून वायरिंग करून घेतात. त्याला म्हणतात हार्डवायरिंग.

आणि मग तक्रारी सुरू होतात. सकाळी बघावं तर कॅमेरा बंद. किंवा कॅमेरा मस्त चालू, पण गाडीच सुरू होत नाही.

आधी हे सांगा, बंद कधी पडतो?

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलात की तो वायर ओढून बघतो. त्याआधी एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता, ती म्हणजे वेळ. कॅमेऱ्यातली शेवटची क्लिप किती वाजताची आहे?

दुपारी एक ते चारच्या दरम्यानची असेल तर वायरिंगला दोष देऊ नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळचं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं. बंद गाडीत, काचेला चिकटलेल्या कॅमेऱ्याजवळ ते ६० च्या वर सहज पोचतं. बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा ६० ते ७० अंशांच्या आसपास असते, त्यानंतर ते स्वतःला बंद करून घेतात. आत छोटी लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा तर फुगायचीही भीती असते. खान्देशासाठी कॅमेरा घेताना आत बॅटरी नाही, सुपरकपॅसिटर आहे ना, हे आधी विचारा. मेगापिक्सेल नंतर.

चावी फिरवताना क्षणभर बंद होऊन परत सुरू होत असेल तर काळजी करू नका. स्टार्टर फिरतो तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज दहाच्या आसपास घसरतो. तेवढं चालतं.

खड्ड्यात आपटल्यावर बंद होत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे. आपल्याकडे वायर सोलून, पीळ देऊन, वरून काळी टेप गुंडाळायची पद्धत आहे. उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद वितळतो आणि टेप सुटते. काळी वायर, म्हणजे अर्थिंग, रंग लावलेल्या पत्र्यावर कसलेली असेल तरी हेच होतं. रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट बसला पाहिजे.

पण खरी डोकेदुखी आहे ती रात्री बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याची.

किटच्या तीन वायर काय करतात?

हार्डवायर किटमध्ये बहुतेक वेळा तीन वायर असतात. पिवळी बॅटरीला, म्हणजे जिथे चोवीस तास करंट असतो तिथे. लाल अशा फ्यूजला, जिथे फक्त चावी फिरवल्यावर करंट येतो. काळी अर्थिंगला. लाल वायरीतला करंट गेला की कॅमेऱ्याला कळतं, गाडी उभी राहिली, आता पार्किंग मोड. लाल-पिवळी उलटी लागली तर चावी काढताच कॅमेरा बंद. दोन्ही चोवीस तासवाल्या फ्यूजवर लागल्या तर पार्किंग मोड येतच नाही, कॅमेरा रात्रभर पूर्ण ताकदीने रेकॉर्ड करत राहतो.

काही गाड्यांत चावी काढल्यावरही काही फ्यूज थोडा वेळ जिवंत असतात. म्हणून गाडी लॉक करून वीसेक मिनिटं थांबा आणि मग मल्टीमीटर लावा.

एक सक्त सूचना : एअरबॅग आणि ब्रेकच्या एबीएसचे फ्यूज यासाठी कधीही वापरू नका. कॅमेऱ्याच्या लाइनला २ किंवा ३ अँपिअरचा स्वतःचा फ्यूज हवा. बॅटरीवरून बिनफ्यूजची वायर थेट आणली असेल, तर ती आजच काढायला सांगा. शॉर्ट झाली तर आग लागते.

कॅम्परमध्ये बॅटऱ्या दोन, किटला मात्र माहीत एकच

साध्या कारमध्ये एकच बॅटरी असते. कॅम्परमध्ये दोन. एक गाडी सुरू करण्यासाठी, दुसरी घरासाठी, म्हणजे फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप, मोबाइल चार्जिंग. डॅशकॅम कशावर लावायचा?

पहिली बॅटरी घेतली तर हिशोब असा. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा साधारण पाव ते अर्धा अँपिअर खातो. एका रात्रीत ही ओढ काहीच नाही. पण तोरणमाळला गाडी दोन दिवस, दोन रात्री उभी केली तर ४८ तासांत १२ ते २४ अँपिअर-तास गेले. नव्या बॅटरीला ते झेपतं. पण तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. इथली तीन उन्हाळे काढलेली बॅटरी कागदावर १०० अँपिअर-तासांची असली तरी प्रत्यक्षात किती उरली असेल, विचार करा.

हे टाळायला किटमध्ये कटऑफ असतो. व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेला की किट कॅमेरा बंद करतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर शांत अवस्थेत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. किटचा कटऑफ ११.८ वर ठेवला असेल तर तोवर बॅटरी जवळपास रिकामी झालेली असते. डिझेल इंजिन थंड सकाळी फिरवायचं आहे, त्यामुळे १२.२ किंवा त्याहून वरचं सेटिंग ठेवा. रेकॉर्डिंगचे काही तास कमी होतील, पण सातपुड्यात धक्का मारायला माणसं शोधावी लागणार नाहीत.

दुसऱ्या, घरच्या बॅटरीवर लावलं तर गाडी सुरू होण्याची चिंता संपते. म्हणून माझ्या मते कॅम्परसाठी हाच पर्याय बरा. पण इथे दोन गोची आहेत.

पहिली, फ्रिज. रात्री कॉम्प्रेसर सुरू झाला की त्याच लाइनवरचा व्होल्टेज थोडा वेळ खाली येतो. वायर बारीक किंवा लांब असेल तर जास्तच. किटला वाटतं बॅटरी संपली, ते कॅमेरा बंद करतं आणि बहुतेक किट चावी परत फिरवेपर्यंत तो सुरू करत नाहीत. सकाळी मीटर लावला तर बॅटरी ठणठणीत. मग सगळे कॅमेऱ्याला नावं ठेवतात. उपाय साधा आहे : फ्रिजच्या लाइनवर जोड न देता बॅटरीच्या वितरण बॉक्समधून स्वतंत्र फ्यूजवर वायर घ्या.

दुसरी गोची लिथियमची. घरची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर तिचा व्होल्टेज बराच काळ १३ च्या आसपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. १२ व्होल्ट दिसेपर्यंत ती जवळजवळ रिकामी असते. म्हणजे लेड-अ‍ॅसिडचा विचार करून बनवलेला कटऑफ इथे जवळपास निरुपयोगी. कटऑफवर विसंबण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये पार्किंग टायमर असेल तर तो वापरा, १२ तास वगैरे.

घरच्या बॅटरीवर पिवळी लावली तरी लाल वायर गाडीच्या चावीवरच राहते. त्यामुळे दोन्ही बॅटऱ्यांचं निगेटिव्ह चॅसीला एकत्र जोडलेलं हवं. नसेल तर कॅमेऱ्याला गाडी सुरू झाल्याचं कळतच नाही.

पॉवर बँकची चाचणी

वायरिंग उघडण्याआधी बॉक्समधली मूळ केबल घेऊन कॅमेरा पॉवर बँकला लावा आणि तासभर चालू द्या. तिथेही रीस्टार्ट होत असेल तर दोष गाडीत नाही. आधी मेमरी कार्ड बदलून बघा. सतत लिहून-पुसून थकलेलं कार्ड हुबेहूब करंट गेल्यासारखी लक्षणं दाखवतं. डॅशकॅमसाठी हाय एन्ड्युरन्स प्रकारचंच कार्ड लागतं. पॉवर बँकवर नीट चालला, तर मग फ्यूज, अर्थिंग, कटऑफ या क्रमाने जा.

एवढा खटाटोप कशासाठी?

करंट वारंवार गेला की अनेक कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे पडतं किंवा थेट जुन्या तारखेवर जातं. अपघात आजचा आणि क्लिपवर तारीख तीन वर्षांपूर्वीची, अशी क्लिप समोरचा वकील सहज खोडून काढू शकतो.

व्हिडिओतल्या वेळेवरून खटला उभा राहतो, हे शेजारच्या जालन्याने पाहिलं आहे. २०१४ च्या तिथल्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, हे न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. क्लिप वापरायची वेळ आलीच, तर कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यावर पुढचं रेकॉर्डिंग होऊ देऊ नका आणि प्रमाणपत्राचं वकिलाला विचारा.

कॅमेऱ्यात जीपीएस असेल तर घड्याळ आपोआप जुळतं. नसेल तर मुक्कामाहून निघताना मोबाइलशी वेळ ताडून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.