थंडीत कुंडीतल्या झाडांची निगा

गोठ्यातल्या वासराला थंडी वाजते हे आपल्याला लगेच कळते. सोप्यापुढच्या क्रोटनलाही ती वाजते, हे मात्र पाने गळेपर्यंत ध्यानात येत नाही.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या हिवाळ्यात दव गोठते, तसे बेळगाव-निपाणीकडे सहसा होत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. क्रोटन, कोलियस, अँथुरियम ही उष्ण मुलखातली झाडे तेवढ्यानेही आखडतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब निघून जाते व जड, थंड हवा सखल भागात साचते. म्हणून वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या घरांनी माळावरच्यांच्या आधी कुंड्या हलवाव्यात.

दिवसभर ऊन खाल्लेल्या पश्चिमेच्या भिंतीलगत, वळचणीखाली त्या ठेवाव्यात. भिंत रात्री ऊब सोडते. न हलणाऱ्या झाडांवर संध्याकाळी काठ्या रोवून बारदान टाकावे, सकाळी काढावे. बुडाशी उसाचा पाला पसरावा.

मात्र थंडीपेक्षा आपली पाण्याची घागरच जास्त झाडे मारते. थंडीत मुळे पाणी कमी ओढतात, आणि आपण उन्हाळ्यासारखे रोज ओततो. बूड कुजते, पाने मान टाकतात, ती पाहून आपण आणखी ओततो! बोट पेरभर मातीत घालावे. ओल लागली तर तो दिवस सोडावा. पाणी सकाळीच द्यावे. युरिया तर नकोच. कोवळी फूट आधी करपते.

कॅलेडियमची पाने झडली तेव्हा झाड मेले समजून मी एकदा कुंडी उकिरड्यावर रिकामी केली. पावसाळ्यात उकिरड्यावरच गुलाबी पाने डोलू लागली. कंद नुसते झोपले होते. पाने वाळली की पाणी बंद करून कंद कोरड्या वाळूत ठेवावेत, वळीव पडल्यावर लावावेत.

नाताळात वेदीपुढे मांडतो त्या पॉइनसेटियाचे निराळे. हे झाड मूळचे मेक्सिकोतले. लाल दिसतात ती फुले नव्हेत, पाने. रात्री मोठ्या झाल्या तरच ती रंगतात. सप्टेंबरअखेरपासून सोप्यातल्या बल्बचा उजेड रात्रभर त्यावर पडला, तर नाताळला झाड हिरवेच राहील. लाली झडल्यावर मार्चमध्ये छाटावे. पांढऱ्या चिकाने खाज सुटते, डोळ्यात गेला तर आग होते. मुलांना दूर ठेवावे, हात साबणाने धुवावेत. छाटलेल्या काड्या टाकू नयेत. चीक वाळू देऊन कुंडीत रोवल्या, तर पुढच्या नाताळात शेजारच्या घरी एक कुंडी देता येते.