स्वच्छतेची वाट (भाग ७) : फिनेलने वास का जात नाही?

येडशी हे रस्त्यावरचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग इथून जातो, बार्शी-लातूरकडची वाहतूक इथेच वळते, रेल्वे स्थानक आहे आणि श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला घाटात माणसांची रीघ लागते. अशा ठिकाणी सार्वजनिक शौचालय गावापेक्षा वाटसरूच जास्त वापरतात. ते बांधण्यासाठी पैसा मिळू शकतो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक शौचालयासाठी ३ लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. खरा प्रश्न उद्घाटनानंतर सुरू होतो.

सगळ्यात आधी तक्रार येते ती वासाची. लघवीतला युरिया जिवाणू फोडतात आणि अमोनिया सुटतो. नाकाला झोंबतो तो हाच. त्याच वेळी लघवीतले आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार भांड्यावर, फरशीच्या सांध्यांत बसत जातात. तो पिवळसर, खरखरीत थर नखाने खरवडला तरी निघत नाही आणि जिवाणू नेमके त्यातच घर करतात. वरून फिनेल ओतलं की तासभर फिनेलचा वास येतो, थर जिथल्या तिथे राहतो. तो काढायला शौचालयासाठीचं आम्लयुक्त क्लीनर टाकून काही मिनिटं थांबावं लागतं, मग ब्रशने घासायचं, धुवायचं आणि फरशी कोरडी करायची. ओली फरशी म्हणजे चिखल, आणि चिखल दिसला की पुढचा माणूस आत पाऊलच टाकत नाही.

ब्लिचिंग पावडर या धुण्यानंतरची. घाणीवरच टाकली तर तिची ताकद घाणीतच संपते. अ‍ॅसिडमध्ये तर ती कधीच मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत सफाई करणाऱ्याच्या जिवावर बेततं. हे त्या माणसाला कुणीतरी नीट सांगितलंच पाहिजे, हातमोजे आणि बूट दिले पाहिजेत.

दुसरी अडचण पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ रेल्वे येडशीच्या याच रेल्वेमार्गावरून धावली. ज्या पट्ट्यात प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, तिथे एका वेळी दहा लिटर पाणी सोडणारी टाकी बसवणं शहाणपणाचं नाही. ग्रामीण शौचालयासाठीचं जास्त उताराचं भांडं दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. बांधकामाच्या वेळीच ते मागून घ्यायला हवं. नंतर फरशी फोडावी लागते.

बायकांची अडचण आणखी वेगळी. घाण जागा टाळण्यासाठी प्रवासात त्या पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना महिलांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं देण्याचे आदेश दिले. तो निकाल शहरांपुरता असला, तरी फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या बाईची गरज तीच आहे. दाराला आतून कडी, आत दिवा, पाण्याची बादली आणि पॅडसाठी झाकणाची कचरापेटी, एवढं तिला मिळायलाच हवं.

हे सगळं रोज करायला माणूस लागतो आणि त्याला दरमहा पगार लागतो. वर्षातून एकदा मोहीम काढून ते भागत नाही. म्हणून पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा शौचालय कधी बांधणार एवढंच विचारू नका. सफाई कोण करणार, दिवसातून किती वेळा करणार आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, हेही विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.