चित्रमय पुस्तक कसे वाचावे? ‘भीमायन’चे उदाहरण

चित्रांचे पुस्तक म्हणजे लहान मुलांचे पुस्तक, असा समज आपल्याकडे अजून आढळतो. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने २०११ साली काढलेल्या ‘भीमायन’च्या आधारे तो तपासून पाहू.

१. पार्श्वभूमी
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ‘अमर चित्र कथा’चा अंक १९७९ सालीच निघाला होता. तिथे पान चौकोनांत विभागलेले असते आणि आपण एकामागून एक चौकोन वाचत जातो. पुढे प्रौढ वाचकांसाठीही चित्रकादंबऱ्या आल्या. सारनाथ बॅनर्जी यांची ‘कॉरिडॉर’ (२००४) प्रामुख्याने दिल्लीत घडते.

‘भीमायन’चा मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा आहे. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची आहेत. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवर कथा उभी आहे. तिचे तीन भाग आहेत : पाणी, निवारा, प्रवास. शाळेतली तहान, १९२७चा महाडचा सत्याग्रह, बडोद्यात न मिळालेली राहण्याची जागा हे प्रसंग त्यांत येतात.

२. चित्र काय सांगते?
अभियांत्रिकी रेखाचित्रात तुटक रेषा दिसली की तिथे झाकलेली कड आहे, हे तुम्ही ओळखता. तसे कुणी शब्दांत लिहिलेले नसते. रेषेचा प्रकारच अर्थ सांगतो. ‘भीमायन’मध्येही असे संकेत आहेत :

(अ) चौकोन नाहीत. व्याम दांपत्याने पात्रांना चौकटीत कोंडण्यास नकार दिला. परधान गोंडांच्या घराच्या भिंतींवर काढतात ती ‘डिगना’ नक्षी इथे पानाचे भाग पाडते.
(आ) साध्या, सौम्य बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे. जातीचे विष ओकणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. बोलणारा कोण, हे कळण्याआधीच डंख कळतो.
(इ) आगगाडी सापासारखी वळत जाते. वस्तूंना प्राण्यांचे रूप देणे ही या चित्रकारांची जुनीच भाषा आहे.

म्हणजे लोककला इथे मजकुराची सजावट म्हणून आलेली नाही. चित्रे काढून टाकली, तर अर्थाचा मोठा भाग हरवतो.

३. हे आपल्याला का वाचायचे?
पुस्तकाची सुरुवात बसथांब्यावर होते. आरक्षणामुळे आपले नुकसान झाले, अशी एका तरुणाची तक्रार असते. त्याला उत्तर म्हणून एक स्त्री बाबासाहेबांची कथा सांगू लागते. मध्येमध्ये आजच्या अत्याचारांच्या बातम्यांची कात्रणे येतात. त्यामुळे ‘हे सगळे पूर्वी होते’ असे म्हणून पान उलटता येत नाही.

त्या तरुणाचे वाक्य मी कॉलेजच्या कँटीनमध्ये अनेकदा ऐकले आहे. तुम्हीही ऐकले असेल, कदाचित उच्चारलेही असेल. ज्याच्याविषयी ते बोलले जाते, तो विद्यार्थी बहुधा शेजारच्याच टेबलावर चहा पीत असतो आणि गप्प राहतो. त्या वाक्याला कोणता फुगा द्यावा, हा या पाठातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वहीत लिहिण्याआधी स्वतःशी द्या.

स्वाध्याय
१. ‘भीमायन’चे एक पान मजकूर झाकून पाहा. काय समजले ते पाच ओळींत लिहा.
२. तुमच्या गावातील भिंतीवरची किंवा अंगणातली एखादी पारंपरिक नक्षी निवडा. तिच्या साहाय्याने एका प्रसंगाचे पान आखा. चौकोन वापरू नका.