भूकंपनोंद : अपूर्णांकातून पूर्णांकाकडे

अच्छाडच्या आसपासच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून जी भूकंपमालिका जाणवू लागली, तशा धक्क्यांची नोंद घेताना भूकंपमापकाचा विद्युत संकेत बहुधा 24 बिटांच्या यंत्रणेने मोजला जातो आणि प्रत्येक क्षणी 1,67,77,216 पायऱ्यांपैकी एक पूर्णांक मिळतो. पुढे नको असलेली कंपने गाळताना संगणक फ्लोटिंग-पॉइंट, म्हणजे अपूर्णांक सामावणाऱ्या, संख्या वापरतो; परंतु साठवणुकीची प्रचलित ‘स्टाइम’ पद्धत लागोपाठच्या पूर्णांकांमधील फरकच नोंदवत असल्याने त्या संख्या पुन्हा पूर्णांकांत बसवाव्या लागतात, यालाच क्वांटायझेशन म्हणतात. जमिनीच्या कंपनाचा सेकंदाला 0.0000002 मीटर हा वेग थेट पूर्णांकात बदलल्यास शून्य होऊन सूक्ष्म धक्का पुसला जातो. म्हणून आधी योग्य गुणकाने गुणणे, मग जवळचा पूर्णांक घेणे आणि तो गुणक नोंदीसोबत जपणे अत्यावश्यक ठरते, कारण तेव्हाच त्रुटी अर्ध्या पायरीच्या आत राहून मूळ वेग परत काढता येतो.